स्ट्रॅडिव्हरी : रंग त्याचा की काळाचा?

जगातील सर्वांत महागडी व्हायोलिने घडविणाऱ्या कारागिराने ९० हून अधिक वर्षांचे आयुष्य एकाच शहरात, लाकूड आणि रोगण यांच्या सहवासात घालविले. त्याच्या वाद्यांवरचा सोनेरी-तांबूस रंग आज जगभर वाखाणला जातो. पण जो रंग आपण पाहतो, तो त्याने दिलेला आहे की तीन शतकांच्या उजेडाने?

ऑक्सफर्ड येथील अ‍ॅशमोलिअन संग्रहालयात एकाच माणसाच्या हातची दोन वाद्ये जतन करून ठेवली आहेत. त्यांतील एक आहे १६८८ सालची गिटार आणि दुसरे १७१६ सालचे, ‘मसीहा’ या नावाने ओळखले जाणारे व्हायोलिन. दोन्ही इटलीतील क्रेमोना शहरात अँटोनिओ स्ट्रॅडिव्हरीच्या कारखान्यात जन्मली. स्ट्रॅडिव्हरीचे नाव व्हायोलिनशी इतके घट्ट जोडले गेले आहे की त्याने गिटारी, मँडोलिन आणि हार्पही घडविले, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्याच्या हातच्या मोजक्याच गिटारी आज शिल्लक आहेत.

‘मसीहा’समोर उभ्या राहणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो रंगाचा. हे व्हायोलिन जणू गेल्याच आठवड्यात रोगण सुकवून खाली उतरविले असावे, असे वाटते. नारिंगीकडे झुकणारा लाल रंग, अखंड थर, कडांवर झिजेचा मागमूस नाही. स्ट्रॅडिव्हरीची एरवी छायाचित्रांतून परिचित असलेली वाद्ये अशी दिसत नाहीत. ती मधासारखी, कुठे फिकट सोनेरी, कुठे गडद तपकिरी असतात. पाठीवरचे रोगण खांद्याच्या आणि हाताच्या स्पर्शाने उडालेले असते. जाणकार ज्याला ‘स्ट्रॅडिव्हरीचा रंग’ म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच झिजलेला, उजेडाने उतरलेला आणि पुन्हा काळवंडलेला रंग असतो. या माणसाचे आयुष्य समजून घेताना हा प्रश्न सतत सोबत राहतो.

प्लेगनंतरचे क्रेमोना

स्ट्रॅडिव्हरीच्या जन्माची नोंद सापडलेली नाही. उतारवयातील काही वाद्यांवर त्याने स्वतःचे वय लिहून ठेवले, त्यावरून हिशेब मांडून १६४४ च्या सुमाराचे जन्मवर्ष धरले जाते. क्रेमोना त्या काळी मिलानच्या सरदारीत, म्हणजेच स्पेनच्या अमलाखाली होते. १६३० च्या सुमारास प्लेगच्या साथीने उत्तर इटली उजाड केली होती. व्हायोलिनला आजचे रूप देणाऱ्या आमाती घराण्यावरही तो घाला पडला. त्यातून वाचलेल्या निकोलो आमातीने पुढे घराबाहेरचे शिष्य हाताशी घेण्यास सुरुवात केली. घराण्याची विद्या अशा रीतीने शहराची झाली. साथ आली नसती तर स्ट्रॅडिव्हरीला ही विद्या कितपत लाभली असती, हे सांगणे कठीण आहे.

१६६६ सालच्या एका व्हायोलिनमधील चिठ्ठीवर त्याने स्वतःला आमातीचा शिष्य म्हणवून घेतले आहे. मात्र त्याने प्रत्यक्ष आमातीच्या हाताखाली किती काळ काढला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १६६७ मध्ये त्याने फ्रान्चेस्का फेराबोस्की या विधवेशी विवाह केला. तिच्या पहिल्या पतीची हत्या झाली होती आणि ती करणारा तिचाच भाऊ होता. या दांपत्याने भाड्याने घेतलेले घर लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या फ्रान्चेस्को पेस्कारोली याच्या मालकीचे होते. त्यामुळे तरुण अँटोनिओ आरंभी कोरीवकामच शिकला असावा, असा तर्क काही अभ्यासक करतात. १६७७ च्या ‘सनराइज’ आणि १६७९ च्या ‘हेलिअर’ या व्हायोलिनांवरील नाजूक जडावकाम पाहिले की तो तर्क अगदीच निराधार वाटत नाही.

१६८० मध्ये त्याने सान दोमेनिको चर्चसमोरील चौकात स्वतःचे घर विकत घेतले. पुढची ५७ वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो तेथेच राहिला. खाली दुकान, मधल्या मजल्यांवर संसार आणि वर छपराखाली वाऱ्यासाठी मोकळा ठेवलेला माळा. रोगण लावलेली वाद्ये या माळ्यावर टांगून सुकविली जात. लोंबार्डीतील उन्हाळ्याचे ऊन आणि वारा हे त्याच्या कारखान्यातील बिनपगारी कामगारच होते.

तेल, राळ आणि किरमिजी

व्हायोलिनच्या पोटाला स्प्रूसचे हलके लाकूड आणि पाठीला मेपलचे लाकूड, ही क्रेमोनाची रीत होती. स्प्रूस आल्प्सच्या उतारांवरून येई. कच्चे लाकूड पांढुरके दिसते, त्याला रूप येते ते रोगणाने. कडेने फिरणारी बारीक तिपदरी रेषाही लाकडाचीच असते. मधली पट्टी फिकट लाकडाची, तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या रंगात मुरविलेल्या लाकडाच्या. ही नुसती शोभा नव्हे. कडेला पडलेली चीर पोटापर्यंत धावू नये, याचीही ती तजवीज असते.

रोगणाबाबत स्ट्रॅडिव्हरीची वाटचाल त्याच्या वाद्यांवर स्पष्ट वाचता येते. तारुण्यातील वाद्यांवर आमातीच्या वळणाचा पिवळसर सोनेरी रंग आहे. १६९० नंतर तो हळूहळू नारिंगी होत जातो आणि १७०० नंतर लालीकडे झुकतो. हे रोगण कशाचे होते, याविषयी दोन शतके दंतकथांचा सुकाळ होता. कुणी ज्वालामुखीच्या राखेचा, कुणी हरवलेल्या झाडाच्या डिंकाचा दाखला देई. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातील पाच स्ट्रॅडिव्हरी वाद्यांचे सूक्ष्म नमुने तपासून संशोधकांनी २००९ च्या अखेरीस जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते मात्र अगदी साधे निघाले. खालचा थर सुकणाऱ्या तेलाचा होता, म्हणजे आपल्या जवसाच्या तेलासारख्या तेलाचा. त्यावर तेल आणि पाइनच्या झाडाची राळ यांचे मिश्रण होते आणि त्यात कुठे कुठे रंगद्रव्य मिसळलेले होते. काही वाद्यांत ते लोहाचे ऑक्साइड होते. आपल्या अंगणातील गेरूचा लाल रंगही त्याचाच. एका वाद्यात कोचिनिअल किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाचा अंश आढळला.

हा किडा मेक्सिकोतील निवडुंगावर वाढतो. मेक्सिको स्पेनच्या ताब्यात होते आणि तो रंग स्पेनच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपभर जात असे. मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्दही अशाच एका रंग देणाऱ्या किड्याच्या नावावरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. थोडक्यात, स्ट्रॅडिव्हरीने वापरलेले पदार्थ त्याच्या काळातील चित्रकार आणि सुतार यांच्या दुकानांतही असत. गुपित असेलच तर ते पदार्थांत कमी आणि हातात अधिक होते. त्यानंतर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात १६९० च्या आणि १७१८ च्या दोन व्हायोलिनांवर लाकूड व रोगण यांच्यामध्ये प्रथिनयुक्त थराच्या खुणा मिळाल्या. पॅरिसमधील तपासणीत तसा थर आढळला नव्हता. म्हणजे त्याची कृती प्रत्येक वेळी एकसारखी होती असेही म्हणता येत नाही.

उजेडाचे काम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रंग दिलेले लाकूड कालांतराने बदलते ते एका कारणाने नव्हे, तर परस्परविरोधी दिशांना ओढणाऱ्या अनेक कारणांनी.

पहिला बदल लाकडाचा. लाकडातील लिग्निन हे द्रव्य प्रकाश आणि हवा यांच्या संगतीने पिवळे, मग तपकिरी होत जाते. दुसरा बदल तेलाचा आणि राळेचा. दोन्ही हवेतील प्राणवायू शोषून घेत गडद होतात. या दोन्हींमुळे वाद्य दर पिढीगणिक अधिक उबदार, अधिक मधाळ दिसू लागते. तिसरा बदल नेमका उलट दिशेचा. किड्यांपासून व वनस्पतींपासून मिळणारे बरेच रंग प्रकाशात टिकत नाहीत. त्यांच्या रेणूंची जी रचना लाल रंग दाखविते, तीच प्रकाशाच्या माऱ्याने तुटते आणि रंग उडतो. गेरूसारखी खनिज द्रव्ये मात्र शतकानुशतके तशीच राहतात. त्यामुळे एकाच कारागिराची, एकाच दशकातील दोन वाद्ये आज वेगळ्या रंगांची दिसू शकतात. एकातील लाली किड्याची असेल तर ती फिकी पडलेली असते. दुसऱ्यातील गेरूची असेल तर ती कायम असते.

चौथे कारण माणसाचा हात. वादकाचा घाम, हनुवटीचे घर्षण, पेटीतील उष्णता यांनी वरचा रंगीत थर झिजतो आणि खालचा सोनेरी तळ उघडा पडतो. पाचवे कारण दुरुस्ती करणारा. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कित्येक जुन्या वाद्यांवर चकाकीसाठी लाखेच्या पॉलिशचे थर चढविले गेले. त्या प्रत्येक थराबरोबर मूळ कारागीर प्रेक्षकापासून आणखी एक पाऊल दूर गेला.

हेच शास्त्र आधुनिक गिटारवर अवघ्या काही दशकांत पाहायला मिळाले. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात ‘लेस पॉल स्टँडर्ड’ गिटार लाल कडा आणि पिवळा मध्य अशा रंगसंगतीत बाजारात आणली. वापरलेला लाल रंग प्रकाशात टिकणारा नव्हता. दुकानाच्या काचेमागे उन्हात टांगलेल्या गिटारींची लाली पाहता पाहता उडाली. कुणाची लिंबासारखी पिवळी झाली, कुणाची मधाच्या रंगाची, कुणाची कोऱ्या चहासारखी. तारांखाली बसविलेली संरक्षक पट्टी काढली की तिच्या सावलीत मूळ लाल रंग शाबूत दिसतो. हा दोष लक्षात आल्यावर कंपनीने १९६० मध्ये अधिक टिकाऊ लाल रंग वापरण्यास सुरुवात केली. काळाचा विनोद असा की आज संग्राहक मोठी किंमत मोजतात ती त्याच ‘सदोष’, रंग उडालेल्या गिटारींसाठी. त्याच काळातील गिटारींवरचे नायट्रोसेल्युलोज लॅकर वयानुसार पिवळे पडते. म्हणून पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते आणि निळी गिटार हिरवट दिसू लागते. निळा रंग बदललेला नसतो, त्याच्यावरचा पारदर्शक पडदा पिवळा झालेला असतो.

आपल्याकडेही हे दृश्य अपरिचित नाही. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे हात एकावर एक देऊन वाद्याला झळाळी आणण्याची रीत आहे. घरातील जुना तानपुरा आणि नवा तानपुरा शेजारी ठेवले, तर वयाचा रंग वेगळा ओळखावा लागत नाही.

सुवर्णकाळ आणि उतारवय

१६९० च्या दशकात स्ट्रॅडिव्हरीने व्हायोलिनचा सांगाडा थोडा लांब करून पाहिला आणि मग तो प्रयोग सोडून दिला. तेव्हा तो पन्नाशीत होता. १६९८ मध्ये फ्रान्चेस्काचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याने अँटोनिया झाम्बेली हिच्याशी दुसरा विवाह केला. पहिल्या संसारातील फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो हे दोन मुलगे त्याच्या बाकावर काम करीत होते. १७०० ते १७२५ हा काळ त्याचा सुवर्णकाळ मानला जातो. ज्या वयात त्या काळचा सर्वसामान्य कारागीर थकून जाई, त्या वयात त्याची सर्वोत्तम वाद्ये घडली.

१७०८ सालच्या त्याच्या एका पत्रात तो व्हायोलिनला उशीर झाल्याबद्दल ग्राहकाची क्षमा मागतो. वाद्यावरील भेगांना रोगण देण्यात वेळ गेला, उन्हाने त्या पुन्हा उघडू नयेत म्हणून ही काळजी घ्यावी लागली, असे कारण तो देतो. जगातील सर्वांत ख्यातनाम वाद्यनिर्माता येथे एखाद्या गल्लीतल्या दुकानदारासारखा सबब सांगताना भेटतो. शिवाय ऊन हा मित्रही आहे आणि शत्रूही, हे तो पुरते ओळखून होता, हेही यातून कळते.

वय वाढले तसा हात थोडा कापू लागला, नजर मंदावली. अखेरच्या वर्षांतील वाद्यांच्या कापांत ते दिसते. तरीही त्याने काम थांबविले नाही. मुलगे साठीकडे झुकले तरी वडिलांच्या नावाखालीच राबत राहिले. त्यांच्या स्वतःच्या नावाची वाद्ये फारच थोडी आहेत. बापाचे दीर्घायुष्य मुलांच्या कर्तृत्वाला सावलीत ठेवून गेले, असे म्हटले तर ते कठोर असले तरी खोटे नाही. मार्च १७३७ मध्ये अँटोनियाचे निधन झाले आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला स्ट्रॅडिव्हरीने जगाचा निरोप घेतला. १७४२ मध्ये ओमोबोनो आणि १७४३ मध्ये फ्रान्चेस्कोही गेला. सहा वर्षांच्या आत कारखान्याची भट्टी विझली.

स्ट्रॅडिव्हरीने घरासमोरच्या सान दोमेनिको चर्चमधील एक जुने थडगे १७२९ मध्येच आपल्या कुटुंबासाठी घेऊन ठेवले होते. १८६९ मध्ये ते चर्च पाडण्यात आले. त्या धामधुमीत त्याच्या अस्थी इतरांच्या अस्थींत मिसळून गेल्या. तेथे आता सार्वजनिक बाग आहे. ज्याच्या लाकडाच्या तुकड्यांची जगाने जिवापाड जपणूक केली, त्याचे अवशेष मात्र त्याच्या शहराला सांभाळता आले नाहीत.

न वाजलेले व्हायोलिन

मृत्यूसमयी कारखान्यात काही वाद्ये विक्रीविना पडून होती. ‘मसीहा’ त्यांपैकीच एक. दुसऱ्या संसारातील मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी होता. त्याने १७७५ मध्ये हे व्हायोलिन काउंट कोझिओ दी सालाब्यू या संग्राहकाला विकले. वडिलांची हत्यारे, साचे आणि नकाशेही कोझिओकडेच गेले. ते पुढे जुसेप्पे फिओरिनी या वाद्यनिर्मात्याने विकत घेऊन १९३० मध्ये क्रेमोनाला दान केले. कोझिओकडून व्हायोलिन लुइजी तारिसिओ या फिरत्या व्यापाऱ्याच्या हाती आले. पॅरिसमधील दुकानांत तो त्याचे भरभरून वर्णन करी, पण वाद्य कधीच आणीत नसे. सदैव वाट पाहायला लावणारे आणि कधीच न अवतरणारे, म्हणून थट्टेने त्याला ‘मसीहा’ हे नाव पडले. तारिसिओच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये पॅरिसचे वाद्यनिर्माते व्हिलोम यांनी ते मिळविले. अखेर लंडनच्या हिल घराण्याने ते अ‍ॅशमोलिअनला दिले.

इतक्या हातांतून जाऊनही ते फारसे वाजविले गेले नाही. म्हणूनच त्याचा रंग टिकला. ते इतके नवे दिसते की विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या अस्सलपणाविषयीच शंका घेतली गेली. लाकडातील वार्षिक वलयांच्या अभ्यासानंतर ते लाकूड स्ट्रॅडिव्हरीच्या काळाशी जुळते, असा निर्वाळा मिळाला. किती विलक्षण गोष्ट पाहा. एखादे वाद्य त्याच्या निर्मात्याने सोडले तसेच राहिले, तर ते निर्मात्याचे वाटत नाही! जगाच्या नजरेला झिजलेल्या सोन्याची इतकी सवय झाली आहे.

येथेच जतन करणाऱ्यांपुढचा खरा पेच उभा राहतो. स्ट्रॅडिव्हरीने घडविलेल्या सुमारे हजारभर वाद्यांपैकी साडेसहाशेच्या आसपास आज शिल्लक आहेत. ती वाजवावीत, तर घाम, हवा आणि उजेड यांनी रोगण झिजत जाणार. काचेच्या पेटीत मंद उजेडात ठेवावीत, तर रंग टिकणार. पण ज्या आवाजासाठी ती जन्मली तो मुका होणार. उडालेली जागा नव्या रोगणाने भरावी, तर डोळ्यांना समाधान मिळते, पण इतिहासावर आणखी एक पुट चढते. आज जाणकार दुरुस्तीकार मूळ थराला शक्यतो हात लावत नाहीत आणि भर घातलीच तर ती पुढे काढून टाकता येईल अशी घालतात. मागील पिढ्यांच्या उत्साहाने शिकविलेला हा धडा आहे.

१७२१ सालचे ‘लेडी ब्लंट’ हे त्याचे आणखी एक उत्तम टिकलेले व्हायोलिन. जपानमधील भूकंप आणि त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी २०११ मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलर मिळाले. दुसरीकडे, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून नामवंत वादकांना जुनी आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा अनेकांनी नव्यांना पसंती दिली. २०१२ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी स्ट्रॅडिव्हरीची थोरवी कमी होत नाही. आपण ऐकतो त्यात आपले डोळेही सामील असतात, एवढेच त्यांतून कळते.

मग रंग कुणाचा? पाया त्याचा, यात शंका नाही. तेल किती मुरवायचे, लाली कुठवर न्यायची, कोणते वाद्य किती दिवस वाऱ्यावर ठेवायचे, हे त्याने ठरविले. त्यावर पुढे ऊन, घाम, व्यापारी, वादक आणि दुरुस्तीकार यांनी आपापला हात फिरविला. अ‍ॅशमोलिअनमधील त्या काचेच्या पेटीत १७१६ ची सकाळ जवळपास जशीच्या तशी थांबलेली आहे. बाकीच्या वाद्यांवर तीन शतकांची संध्याकाळ उतरली आहे, आणि ती वाजत आहेत. क्रेमोनाच्या त्या माळ्यावर आपली वाद्ये उन्हाच्या हवाली करणाऱ्या माणसाने या दोहोंपैकी काय निवडले असते, याचे उत्तर त्याच्या आयुष्यातच आहे. त्याने वाद्ये ठेवून देण्यासाठी नव्हे, तर वाजविण्यासाठी घडविली होती.